सात मिलिलीटर

३ मार्च

प्रिय मामा,

पाकिटावरचं अक्षर बघून तू ओळखलं नसशील. शेवटचं बघितलंस तेव्हा मी सातवीत होते आणि 'क' उलटा काढत होते. मी, तुझ्या ताईची मुलगी. तू जिला पक्कड म्हणायचास, कारण एकदा हातात धरलेलं पान्याचं टोक मी सोडत नसे, ती.

एकोणीस वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आता लिहितेय तेही कामासाठी. मतलबी म्हण हवं तर. फोन केला होता, पण मामीने उचलला आणि म्हणाली, त्यांना फोनवर बोलायला आवडत नाही, पत्र लिही. म्हणून हे.

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. तू त्या दिवशी फाटकापर्यंत येऊन परत गेलास, ते मी खिडकीतून बघितलं होतं. त्याबद्दल आज काही विचारत नाही.

विचारायचंय ते गाडीबद्दल. आपली हिरवी गाडी एकोणीस वर्षांपूर्वी घाटातून दोरीने ओढत आणली ती अजून गॅरेजमध्ये तशीच उभी आहे. आता गॅरेजची ती अख्खी रांग पाडणार आहेत आणि एकतीस मेला जागा रिकामी करायची आहे. आईने भंगारवाल्याला निरोपसुद्धा धाडला होता. म्हणाली, "या गाडीने माझा भाऊ नेला आणि तुझ्या बाबांचं हसणं नेलं. आता तिची काय पूजा करू?" मी दोन दिवस जेवणावर रुसले (हो, एकतिसाव्या वर्षी), तेव्हा तिने एक अट घातली. तीस मेच्या आत गाडी स्वतःच्या बळावर घाट चढली पाहिजे. आई शेजारी बसणार. वर पोचेपर्यंत एकदा जरी तो खडखडाट ऐकू आला, तरी गाडी वरच्या वर भंगारात. आणि आई बोलते ते करते, हे तुला सांगायला नको.

मी कॉलेजच्या रसायनशाळेत नोकरीला आहे. गेली दोन वर्षं दर रविवारी कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे हात काळे करते. इंजिन खाली उतरवलं. तेव्हा सुटं केलेलं हेड, म्हणजे सिलिंडर वरून बंद करणारा लोखंडी भाग, आणि तिसरा पिस्टन लाकडी खोक्यात होते, तेही काढले. तिसऱ्या पिस्टनला भोक आहे, माझी करंगळी आरपार जाते. बाकी क्रँक, ब्लॉक ठीक आहे.

आता नवे पिस्टन घ्यायचे तर कॉम्प्रेशन किती ठेवायचं हे आधी ठरवायला हवं. मला रोज कामावर जायला गाडी हवी आहे, शर्यतीला नाही. कोपऱ्यावरच्या पंपावर मिळतं ते साधं पेट्रोल घालणार. बाबांच्या वहीत तुझ्या नावापुढे लिहिलंय, 'कॉम्प्रेशन नऊ, हेड सव्वा मिलिमीटर फेसिंग', म्हणजे तेवढं घासून पातळ केलेलं. नऊच ठेवू का? इंजिन तू बांधलं होतंस. तुझ्याइतकं ते कोणालाच माहीत नाही.

तुझी
पक्कड


११ मार्च

चि. पक्कड,

तुझं पत्र आलं आणि तुझ्या मामीने ते मला देण्याआधी स्वतः दोनदा वाचलं. या घरात माझ्या टपालाची ही अवस्था.

सातवीतली पोर इंजिन उतरवते म्हणजे काय! मला वाटलं होतं तू फार तर सायकलचं पंक्चर काढशील. शाबास. आता नीट ऐक.

कॉम्प्रेशन म्हणजे काय ते तुझा कोपऱ्यावरचा मेकॅनिक सांगेल, पण तो आकडा घोकून सांगेल. मी तुला समजावतो. पिस्टन खाली असताना सिलिंडरमध्ये जेवढी हवा आणि पेट्रोलची वाफ मावते, ती पिस्टन वर आल्यावर किती पटीने दाबली जाते, तो आकडा. नऊ म्हणजे नवव्या हिश्श्यात कोंबली. जास्त दाबलीस की गाडी जास्त ओढते, हे खरं. पण फार दाबलीस की ती वाफ ठिणगीची वाट न बघता आपणहून पेटते. मग पिस्टन वर येत असतानाच त्याच्या डोक्यात हातोडा बसतो. त्यालाच नॉकिंग म्हणतात. पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवल्यासारखा आवाज येतो. तो आवाज ऐकूनही पाय दाबून ठेवलास, तर करंगळी जाईल एवढं भोक पडतं.

आणि नुसता आकडा धरून बसू नकोस. शर्यतीच्या कॅमशाफ्टमध्ये, म्हणजे झडपा हलवणाऱ्या दांड्यामध्ये, झडप उशिरा मिटते, थोडी हवा परत निसटते, म्हणून तिथे साडेदहा चालतं. तुझ्या गाडीत मूळचा साधा कॅम आहे. तो हवा निसटू देत नाही. साधा कॅम, लोखंडी हेड, पंपावरचं पेट्रोल, उन्हाळ्यातला घाट आणि गाडीत तुझ्या आईसारखं वजनदार व्यक्तिमत्त्व. आठ पूर्णांक आठच्या वर जाऊ नकोस. नऊसुद्धा नको.

दुसरं. ते जुनं हेड फेकून दे. इंजिन तापलं होतं, हेडला तडा गेला असणार. दिसत नसेल पण असतो. त्यावर वेळ घालवू नकोस, मोजमाप करत बसू नकोस, सरळ भंगारात. माझ्या फळीवर त्याच गाडीचं मूळ मापाचं हेड पडलंय, कोणी हात न लावलेलं. ते मालाच्या टेम्पोने आजच पाठवतोय. मामाची भेट समज.

इंजिन बसलं की कळव. टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडायची ते, मी लावून देईन. तुमचे ते लाइट आणि मीटर राहू देत, मी अजून कानाने लावतो. या कानाला पाव डिग्रीचा फरक कळतो.

ताईला काही सांगू नकोस.

मामा


२२ मार्च

प्रिय मामा,

हेड मिळालं. तू ते गोणपाटात इतकं गुंडाळून पाठवलंस की सोडवताना वाटलं, आत एखादं बाळ असेल. फार फार आभार. आईने विचारलं, कुठून आलं? मी म्हटलं, एका ओळखीच्यांकडून. ती गोणपाटाच्या गाठीकडे बराच वेळ बघत होती.

जुनं हेड मात्र फेकलं नाही. रागावू नकोस. दहा वर्षं प्रयोगशाळेत काढल्यावर न मोजता काही फेकण्याची सवय राहत नाही. आणि खरं सांगते, मला नव्या हेडचं माप घ्यायचंच होतं, त्यासाठी ब्युरेट आणली होती, मग म्हटलं सरावासाठी आधी जुनं मोजू.

कसं मोजलं ते सांगते. हेड उलटं करून पाणसळीत ठेवलं. झडपा बसवल्या, कडेला ग्रीस लावलं. खोलगट भागावर मधे भोक असलेली काच बसवली आणि ब्युरेटमधून थेंब थेंब रॉकेल सोडलं. काचेखालचा शेवटचा बुडबुडा गेला की आकडा वाचायचा. मग एका चांगल्या सिलिंडरमध्ये पिस्टन अगदी वर आणून त्याच्यावरची उरलेली जागा तशीच मोजली. हेडखाली बसणाऱ्या गॅस्केटच्या पत्र्याची जाडी धरली. सगळी बेरीज केली.

एका सिलिंडरची क्षमता तीनशे बहात्तर मिलिलीटर. तू सांगितल्याप्रमाणे नऊ यायला वर साडेसेहेचाळीस मिलिलीटर जागा उरायला हवी. मला मिळाली साडेएकोणचाळीस. सात कमी. म्हणजे कॉम्प्रेशन नऊ नाही, दहा पूर्णांक चार!

मी चारही कप्पे मोजले. तीन दिवस मोजले. ब्युरेट बदलली. आमच्या विभागप्रमुख बाई येऊन बघून गेल्या, त्यांनी रॉकेलच्या वासाबद्दल चार शब्द सुनावले आणि आकडा बरोबर आहे म्हणाल्या. तडाही कुठे सापडला नाही. रंग सोडून पाहिला, हेड ठणठणीत आहे.

माझं कुठे चुकतंय, मामा? साधा कॅम, लोखंडी हेड, पंपावरचं पेट्रोल आणि वर दहा पूर्णांक चार, तू तर म्हणतोस नऊसुद्धा नको. तुझ्या हातून असं बांधलं जाणार नाही. काहीतरी मी विसरतेय. सांग ना.

पक्कड


२ एप्रिल

चि. सौजन्यमूर्ती पक्कड,

ब्युरेट कॉलेजात परत कर. इंजिन म्हणजे परीक्षानळी नाही. जुन्या हेडात काजळी साठते, तिने जागा कमी होते. रॉकेल झिरपतं. काच नीट बसत नाही. एकोणीस वर्षं पडलेल्या वस्तूचं माप काढून कोणाला काय मिळणार आहे?

मी सांगितलं ते कर. नवीन हेड, आठ पूर्णांक आठ, संपलं. मुदत डोक्यावर आली आहे आणि तू उकिरडा उकरत बसली आहेस.

मामा

बाळ, हे पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून खाली चार ओळी लिहिते. त्यांना सांगू नकोस. तीन वर्षांपासून त्यांना ऐकू येत नाही. जाड आवाज थोडे कळतात, बारीक आवाज मुळीच नाही. म्हणून फोन नको म्हणतात. मशीन आणलं होतं, ते कपाटात आहे. वर्कशॉप बंद केलं तेही त्यामुळेच, एका गिऱ्हाइकाची गाडी वाजत होती आणि यांना कळलं नाही. तुझं दुसरं पत्र आल्यापासून रोज सकाळी खाली वर्कशॉपमध्ये जाऊन बसतात. शटर अर्धं खाली. काम काही करत नाहीत. काय झालंय ते मला सांगत नाहीत, तुला माहीत असेल तर नीट विचार. पण विचार. सोडू नकोस. तुझी मामी.


८ एप्रिल

मामा,

काजळी खरवडली. हेड धुतलं. पुन्हा मोजलं. रॉकेल झिरपत नाही, अर्धा तास ठेवून बघितलं. साडेएकोणचाळीस.

आता मी विचारते आणि तू उत्तर दे.

त्या दिवशी मागच्या सीटवर मी होते. उन्हाळ्याची सुट्टी होती, डिकीत सामान भरलेलं, आम्ही तुझ्याकडेच येत होतो. चौथ्या वळणापासून गाडी वाजायला लागली. आई म्हणाली, "अहो, काहीतरी खडखडतंय." बाबा म्हणाले, "वाजेल थोडी." पुढच्या वळणावर आई पुन्हा म्हणाली, "थांबवा, हा आवाज बरा नाही." तेव्हा बाबा काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "तुझ्या भावाने बांधलंय इंजिन. माझे कान चुकतील, त्याचा हात चुकणार नाही." आणि पुढच्या चढाला धूर झाला.

तुझ्या वर्कशॉपमध्ये गाडी ओढत आणली, तेव्हा तू पिस्टन हातात धरून सगळ्या कामगारांसमोर, गिऱ्हाइकांसमोर, आईसमोर म्हणालास, "भावजी, टॉप गियरमध्ये घाट चढवलात. गाडी चालवता येत नाही तर बस धरावी माणसाने." कोणीतरी हसलं. बाबांनी त्यानंतर कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. खरंच बस धरली त्यांनी, सतरा वर्षं.

बाबा टॉप गियरमध्ये नव्हते. मी मधून डोकं घालून बघत होते, त्यांचा हात दुसऱ्या गियरवर होता. तेव्हा मी बारा वर्षांची होते आणि मला वाटलं, मामा म्हणतो म्हणजे मीच चुकीचं बघितलं असेल.

मला भांडायचं नाही. मला एवढंच हवंय: ते सात मिलिलीटर कुठे गेले? हेड घासलं की आतली जागा कमी होते; तू ते जास्त घासलंस का? हो किंवा नाही. उत्तर येईपर्यंत मी पिस्टन मागवणार नाही, मग एकतीस मे येवो नाहीतर जावो. आईची अट मोडली तरी चालेल, पण हे न कळता मी तिला त्या गाडीत बसवणार नाही.

मी पक्कड आहे. नाव तूच ठेवलं आहेस.


२६ एप्रिल

चि. पक्कड,

हो.

अठरा दिवस हा एक शब्द लिहायला लागले. आता बाकीचं सांगतो, मधे थांबलो तर पुन्हा धाडस होणार नाही.

त्या वर्षी घाटात चढाईची शर्यत होती. माझी स्वतःची गाडी तयार नव्हती. भावजींची गाडी माझ्याकडे इंजिनाच्या कामाला आली होती, पंधरा दिवसांसाठी. त्यांना सांगितलं होतं तसं हेड सव्वा मिलिमीटर घासून नऊवर आणलं होतं. मग मोह झाला. आणखी दोन मिलिमीटर घासलं. कॅम बदलायला वेळ नव्हता, म्हणून दाबाखाली लवकर न पेटणाऱ्या विमानाच्या पेट्रोलची भेसळ करून काम भागवलं आणि शर्यतीत उतरलो. पहिला आलो. चषक अजून फळीवर आहे, त्यात मी नट-बोल्ट ठेवतो.

दुसरं हेड तेव्हाही माझ्याकडे होतं. तुला पाठवलं तेच. म्हटलं भावजी सुट्टीला येतील तेव्हा बदलून देऊ, दोन तासांचं काम. तोवर ते कुठे घाटात येतायत. टाकीत उरलेल्या त्याच पेट्रोलवर मीच गाडी तुमच्या घरी पोचवली आणि सांगितलं, नऊ. ते वहीत लिहून घेत होते, माझ्या देखत. शर्यतीचंही सांगितलं नाही.

आणि तुम्ही तीच गाडी भरून, साधं पेट्रोल घालून, भर दुपारी, घाटातून माझ्याकडेच यायला निघालात.

पिस्टन हातात घेतला तेव्हाच मला कळलं होतं. अख्खं वर्कशॉप बघत होतं. त्या आठवड्यात शर्यतीमुळे नवी गिऱ्हाइकं आली होती. एका क्षणात मी माझा हात वाचवला आणि भावजींना खाली ढकललं. पुढे रोज वाटायचं, उद्या जाऊन सांगू. उद्या म्हणता म्हणता माणूस गेला. फाटकापर्यंत आलो होतो ते सांगायलाच. पण ज्याला सांगायचं तोच आत नव्हता, मग कोणाला सांगणार होतो?

तुला हेड फेकायला सांगितलं ते तडा गेला म्हणून नाही, हे तुला कळलंच आहे. आणखी एक खोटं. मला ऐकू येत नाही. कानाने टायमिंग लावतो ही बढाई आहे. वाजणारी गाडी माझ्या पुढ्यातून जाते आणि मला कळत नाही. ज्या आवाजासाठी मी भावजींना दोष दिला, तो आवाजच आता मला येत नाही. मला हे योग्यच वाटतं.

हे पत्र ताईला वाचून दाखव. मी पूर्वी सांगितलं होतं, तिला काही सांगू नकोस. ते मागे घेतो. तिच्या समोर वाच, एकही ओळ गाळू नकोस.

आता काम. भरपाई म्हणून नाही, भरपाई होत नाही. पण ती गाडी भंगारात जाता कामा नये. माझं पाठवलेलं हेड आधी नीट मोज, माझ्या शब्दावर जाऊ नकोस. हल्ली मिळणारे पिस्टन मूळच्यापेक्षा उंच असतात, तेव्हा वर एकूण पावणेअठ्ठेचाळीस मिलिलीटर जागा मिळेल असे पिस्टन घे, खोलगट माथ्याचे लागले तर खोलगट. जाड गॅस्केट घालून जागा वाढवू नकोस, तसं केलंस तर वाफ नीट घुसळत नाही आणि कमी कॉम्प्रेशनलाही गाडी वाजते. चारही कप्पे सारखे कर. रेडिएटर नवा घे, यात कंजुषी नको. टायमिंग सुरुवातीला मागे ठेव, सहा डिग्री. गाडी सुस्त वाटेल. वाटू दे. सुस्त गाडी पोचते.

मामा


१४ मे

मामा,

पत्र वाचून दाखवलं. स्वयंपाकघरात, आई भाजी निवडत होती तेव्हा. एकही ओळ गाळली नाही. 'खाली ढकललं' या शब्दांवर माझाच आवाज फुटला, आईचा हात थांबला नाही. वाचून झाल्यावर तिने उठून माळ्यावरून एक लाकडी झाकण काढायला सांगितलं. जुनं हेड मी ज्या खोक्यातून काढलं होतं त्याचं झाकण. ते तिने वेगळं काढून ठेवलं होतं, मला माहीतच नव्हतं.

झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने बाबांचं अक्षर आहे. गाडी बंद पडली त्यानंतर चार दिवसांची तारीख. हेडची जाडी, चार कोपऱ्यांची चार मापं. खाली वजाबाकी. 'सव्वा सांगितले, सव्वातीन निघाले.' आणि त्याखाली आकडा, दहा पूर्णांक चार. बाकी एक शब्द नाही.

त्यांना माहीत होतं, मामा. चौथ्या दिवसापासून.

मी आईला म्हटलं, मग ते बोलले का नाहीत? तू तरी का बोलली नाहीस? आई म्हणाली, "मी निघालेच होते त्याच्या दारात जाऊन बोलायला. तुझ्या बाबांनी धरून बसवलं. म्हणाले, तो येईल. त्याचं त्याला सांगू दे, आपण सांगितलं तर त्याच्याकडे काय उरेल?" दर सुट्टीत म्हणायचे, यंदा येईल. शेवटच्या आजारपणातसुद्धा फाटक वाजलं की मान वळवायचे.

हे तुला कळवू नये असं दोन दिवस वाटत होतं. तुला किती लागेल ते मला कळतं. पण आता आपल्यात काही झाकून ठेवायचं नाही असं मी ठरवलं आहे. मला तुझा राग आहे, खूप आहे, तो एका पत्राने जाणार नाही. आणि तू 'हो' लिहिलंस तेव्हा मी पाकीट छातीशी धरून जिन्यात बसून रडले, हेही खरं.

कामाचं. तू दिलेलं हेड मोजलं. शब्दाप्रमाणे आहे, कोणी हात न लावलेलं. पिस्टन आले, खोलगट माथ्याचे. एकूण जागा सत्तेचाळीस पूर्णांक सात. चारही कप्प्यांत थेंबाचा फरक नाही. आठ पूर्णांक आठ. गॅस्केट नेहमीच्या जाडीचं. रेडिएटर नवा. काल इंजिन पहिल्यांदा सुरू झालं आणि कोपऱ्यावरचा मेकॅनिक टोपी काढून उभा राहिला, नाटक्या आहे तो.

अठ्ठावीस मेला सकाळी निघतोय. आईला विचारलं, चढून परत फिरायचं की पलीकडे उतरायचं? ती म्हणाली, "आधी चढू दे." तेव्हा मी काही कबूल करत नाही. तू मात्र शटर पूर्ण वर ठेव.

पक्कड


२० मे

चि. पक्कड,

ते झाकण फेकू नकोस. मला एकदा बघायचं आहे.

आणखी काही लिहिता येत नाही. तो माणूस माझी वाट बघत होता.

शटर वर आहे. कानाचं मशीन कपाटातून काढलं. अजून सगळं भांड्यांसारखं वाजतं, पण घालतोय.

मामा


३ जून

चि. भाऊ,

मला पत्र लिहायची सवय नाही. मुलगी म्हणाली, तूच लिही, म्हणून लिहिते.

आम्ही सुखरूप पोचलो. येताना घाट उतरताना पोरीने ब्रेकवर फार पाय ठेवला, तिला सांगून ठेव.

त्या दिवशी घाट चढताना मी पूर्ण वेळ कान देऊन बसले होते. अट माझी होती, तेव्हा फसवायचं नाही असं ठरवलं होतं. चौथं वळण आलं तेव्हा मी खिडकीची काच पूर्ण खाली केली. गाडी हळू चढत होती, मागून एक ट्रकवाला सारखा हॉर्न वाजवत होता, पण खडखडली नाही. जिथे धूर झाला होता तिथून पुढे गेलो. वर पोचल्यावर पोरीने विचारलं, "परत फिरू?" मी म्हटलं, "मग पलीकडे कोण उतरणार, तुझी आजी?" ती हसली आणि मग डोळे पुसत बसली, मागे गाड्या खोळंबल्या.

तू शटरखाली उभा होतास. केस सगळे गेले तुझे. मी काय काय बोलायचं ठरवून आले होते, एकोणीस वर्षांचं पाठ होतं. तू पाया पडायला वाकलास आणि तुझ्या कानातलं ते मशीन निसटून ऑइलच्या थाळीत पडलं. मग काय बोलणार? पोरगी ते चिमट्याने काढत बसली. तुझी बायको आणि मी एकमेकींकडे बघून हसू दाबत होतो. ते झाकण तू मांडीवर घेऊन बसलास, तेव्हा मात्र मी आत निघून गेले. त्या अक्षराकडे बघणारा तुझा चेहरा मला बघवला नाही. ते तिथेच ठेवून आलेय. चषक काढून त्या फळीवर ठेव.

आता दुसऱ्या दिवशीचं. पोरगी म्हणाली गाडी सुस्त आहे, टायमिंग थोडं पुढे घ्यायला हवं, पण किती ते ऐकूनच ठरतं. तू मान खाली घातलीस. तेव्हा मीच म्हटलं, मी बसते. कारण हा आवाज माझ्याइतका कोणाला पाठ आहे? तू चालवायला बसलास, मी शेजारी, पोरगी मागे. ठरलं होतं की वाजलं की मी तुझ्या खांद्यावर थाप मारायची. तू चढावर गाडी दाबायचास, थांबायचास, खाली उतरून तो गोल डबा केसभर फिरवायचास, पुन्हा दाबायचास. पाचव्यांदा मला ऐकू आलं. अगदी बारीक, डब्यात एक खडा हलल्यासारखं. दुसऱ्या कोणाला कळलंही नसतं. मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि तू तिथल्या तिथे पाय काढलास.

त्या दिवशीही मी सांगितलं होतं, भाऊ. दोनदा सांगितलं होतं. त्यांनी तुझ्यावर विश्वास ठेवला आणि गाडी थांबवली नाही. परवा तू थांबवलीस. तुला ते लक्षात आलं का माहीत नाही, तू लगेच खाली उतरून डबा मागे फिरवायला लागलास. मी खिडकीतून बाहेर बघत बसले होते, कारण मला रडू येत होतं आणि ते मला तुझ्यासमोर नको होतं.

तुला माफ केलं का, असं तुझ्या बायकोने मला निघताना विचारलं. मला अजून माहीत नाही. ते असते तर पहिल्याच मिनिटाला केलं असतं आणि तुझ्याकडून इंजिनाचं सगळं पुन्हा वहीत लिहून घेतलं असतं. मी तशी नाही. मला वेळ लागेल.

गाडी राहणार. गॅरेज पाडलं, म्हणून पोरीने खाली फाटकाच्या आत जागा केली आहे. रोज त्याच गाडीने कामावर जाते. तिच्या पुस्तकात लिहिलंय की टायमिंग पाच हजार किलोमीटरला तपासायचं. मी तिला सांगितलंय, पुस्तक राहू दे, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तपासायचं. तू हात लावायचास, मी ऐकायचं.

पुढचा रविवार पहिलाच आहे. फाटक ढकलून सरळ आत ये.

ताई